आरोग्यावर मतं पडत नाहीत, असं म्हणणाऱ्यांना

राजस्थानचं उदाहरण हल्ली अशा प्रत्येक चर्चेत पुढे केलं जातं. मार्च २०२३ मध्ये तिथल्या विधानसभेने आरोग्य हक्काचा कायदा मंजूर केला. देशातला तसा तो पहिलाच. चिरंजीवी या आरोग्य विमा योजनेतलं संरक्षण तिथल्या काँग्रेस सरकारने २५ लाखांपर्यंत नेलं. आणि डिसेंबरमध्ये ते सरकार निवडणूक हरलं. तेव्हापासून पक्षांचे रणनीतीकार, वाहिन्यांवरचे विश्लेषक आणि सार्वजनिक आरोग्यात उभं आयुष्य घालवलेले काही डॉक्टरसुद्धा एकच निष्कर्ष सांगतात: निवडणुकीत आरोग्याचा मुद्दा चालत नाही. रस्ता चालतो, पाणी चालतं, जात चालते, खात्यात जमा होणारे पैसे चालतात. दवाखाना चालत नाही. तेव्हा ज्यांना सरकारी दवाखाने सुधारायचे आहेत त्यांनी निवडणुकीचा गोंगाट सरल्यावर शांतपणे मंत्रालयात निवेदन द्यावं.

हा निष्कर्ष चुकीचा आहे. तो मानून गप्प बसणाऱ्यांमुळे रुग्णांचं फार नुकसान झालं आहे.

आधी राजस्थानच पाहू. १९९३ पासून या राज्याने दर पाच वर्षांनी सत्ताधारी पक्ष बदलला आहे. २०२३ मध्येही तेच झालं. पण मतांची टक्केवारी काय सांगते? हरलेल्या काँग्रेसला सुमारे ३९.५ टक्के मतं पडली. २०१८ मध्ये सत्तेवर येताना तिला पडलेल्या मतांपेक्षा हा आकडा किंचित जास्तच आहे. भाजपला सुमारे ४१.७ टक्के मिळाली. म्हणजे दोन टक्क्यांच्या फरकाने सरकार गेलं. यावरून मतदाराने आरोग्याचा हक्क नाकारला, असं म्हणायला आधार कुठे आहे? शिवाय मतदाराच्या हातात त्या कायद्याचं आलं तरी काय होतं? खासगी डॉक्टरांनी कायद्याविरुद्ध बंद पुकारला, एप्रिलच्या सुरुवातीला तडजोड झाली, बरीच खासगी रुग्णालयं कायद्याच्या कक्षेबाहेर राहिली आणि निवडणूक आली तरी कायद्याचे नियम तयार नव्हते. कागदावरचा हक्क दाखवून कुणाला खाटेवर घेतलं जात नाही. त्या निवडणुकीत आरोग्याच्या हक्काची परीक्षा झालीच नाही, कारण तो हक्क दवाखान्याच्या दारापर्यंत पोहोचलाच नव्हता.

दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. नव्या सरकारने चिरंजीवी योजनेचं नाव बदललं, योजना बंद केली नाही. त्याच राज्यात २ ऑक्टोबर २०११ पासून सरकारी रुग्णालयांत मोफत औषधं मिळू लागली. ती सुरू करणारं सरकार २०१३ मध्ये दारुण हरलं, पण औषधं मिळत राहिली. ज्या गोष्टीला मतदाराच्या लेखी किंमत नाही ती बंद करायला सत्तेवर आलेल्या विरोधी पक्षाला कसली भीती? बंद करता आली नाही, यातच तिचं मोल कळतं. पक्ष हरला की मुद्दा हरला, हे गणित मांडणाऱ्यांनी सत्ताबदलानंतर काय टिकलं हेही मोजलं पाहिजे.

कॅनडातल्या सॅस्कॅचेवान प्रांतात हेच साठ वर्षांपूर्वी घडलं. तिथले प्रांतप्रमुख टॉमी डग्लस यांनी जून १९६० ची निवडणूक सरकारी खर्चाने सर्वांना वैद्यकीय उपचार या एकाच मुद्द्याभोवती लढवली. डॉक्टरांच्या संघटनेने पैसे गोळा करून विरोधात प्रचार केला. तुमचा डॉक्टर सरकारी नोकर होईल, चांगले डॉक्टर प्रांत सोडून जातील, अशी भीती घातली. तरीही डग्लस यांचा पक्ष जिंकला. कायदा झाला आणि १ जुलै १९६२ ला तो लागू होताच डॉक्टरांनी संप पुकारला. तो तेवीस दिवस चालला. केंद्रीय राजकारणात गेलेले डग्लस संपाच्या आधीच स्वतःच्या मतदारसंघात पडले होते. १९६४ मध्ये प्रांतातली सत्ताही गेली. आपल्याकडच्या विश्लेषकांच्या हिशेबाने तो मुद्दा तिथेच संपायला हवा होता. नव्या सरकारने मात्र योजनेला हात लावला नाही. १९६६ मध्ये केंद्राने त्यासाठी कायदा केला आणि १९७२ पर्यंत कॅनडाच्या सगळ्या प्रांतांत ती योजना पोहोचली. आज तिथला कुठलाच मोठा पक्ष ती मोडण्याचं वचन देऊन मत मागत नाही.

थायलंड आपल्याला आणखी जवळचा, कारण तो श्रीमंत देश नव्हता. खेड्यापाड्यांत काम केलेल्या डॉक्टरांनी सर्वांसाठी उपचारांचा आराखडा आधीच तयार ठेवला होता. स्वयंसेवी संस्थांनी लोकांच्या वतीने विधेयक मांडण्यासाठी पन्नास हजारांवर सह्या गोळा केल्या. जानेवारी २००१ च्या निवडणुकीत एका पक्षाने तो आराखडा उचलला: तीस बाट द्या आणि कुठल्याही आजारावर उपचार घ्या. तो पक्ष सत्तेवर आला आणि वर्षभरात योजना देशभर गेली. २००६ मध्ये लष्कराने ते सरकार उलथवलं. त्यानंतर आलेल्या राजवटीने योजना तर ठेवलीच, वर ते तीस बाटही माफ केले. तिथल्या डॉक्टरांनी निवडणूक सरण्याची वाट पाहिली असती, तर तो आराखडा कुठल्या तरी कपाटात पडून राहिला असता.

आता महाराष्ट्राकडे येऊ. इथे मतदाराला आरोग्याचं काही पडलेलं नाही, असं म्हणणाऱ्यांनी कुठल्याही आमदाराच्या कार्यालयात सकाळी दोन तास बसावं. पीएपुढे जी रांग लागते तिच्यात बदलीवाले असतात, दाखलेवाले असतात आणि दवाखान्याचं काम घेऊन आलेले तर रोजच असतात. कुणाला मोठ्या रुग्णालयात खाट हवी असते. कुणाला बिलात सूट हवी असते, कुणाला मुख्यमंत्री सहायता निधीसाठी शिफारसपत्र. सिव्हिलच्या केसपेपरच्या खिडकीशी मी अशी माणसं पाहिली आहेत. प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड, आधारची झेरॉक्स, जुने रिपोर्ट आणि सगळ्यांत वर घडी घातलेलं साहेबांचं पत्र. खिडकीत हात घालताना ते पत्र आधी पुढे करायचं, केसपेपर नंतर. बाकीच्या रांगेलाही त्यात काही वावगं वाटत नाही. पत्र आपल्याकडे नाही, एवढीच त्यांची खंत.

म्हणजे आरोग्य हा आजही मतदारसंघातल्या सर्वांत मोठ्या कामांपैकी एक आहे. फक्त ते उपकार म्हणून वाटलं जातं. ज्याच्या बापाला साहेबांच्या फोनमुळे खाट मिळाली, ते घर पुढची वीस वर्षं साहेबांना विसरत नाही. निवडणुकीच्या वर्षात महाआरोग्य शिबिरं भरतात, चष्मे वाटले जातात, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी बस भरून माणसं नेली जातात, त्यामागे हाच हिशेब असतो. त्या शिबिरात ज्याला दिसू लागलं त्याचं भलं झालं, यात शंका नाही. पण मांडवात रक्तदाब तपासला, जास्त निघाला, हातात पाच दिवसांच्या गोळ्या पडल्या आणि मांडव उठला. सहाव्या दिवशी त्या माणसाने कुठे जायचं? प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळी नियमित मिळाली, उपजिल्हा रुग्णालयात भूलतज्ज्ञ कायम असला, तर पत्राची गरज उरत नाही. आणि पत्राची गरज उरली नाही की साहेबांच्या हातातलं एक मोठं साधन जातं. आरोग्यावर मतं पडत नाहीत हे वाक्य सगळ्यांत जास्त कुणाच्या सोयीचं आहे, ते यावरून कळावं.

यावर दुसरा बचाव येतो तो कार्डाचा. आता प्रत्येक कुटुंबाला पाच लाखांचं संरक्षण आहे, मग सरकारी दवाखान्याचा आग्रह कशाला? २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली जीवनदायी योजना पुढे राज्यभर गेली, महात्मा फुले यांच्या नावाने चालू राहिली आणि आता आयुष्मान भारतबरोबर जोडली गेली आहे. तिच्यातून हृदयाच्या, कर्करोगाच्या, मूत्रपिंडाच्या लाखो रुग्णांना उपचार मिळाले. ती बंद करा असं मी म्हणणार नाही, कुणीच म्हणू नये.

पण हे कार्ड कधी उपयोगी पडतं ते नीट पाहायला हवं. पन्नाशीतली एखादी शेतमजूर बाई घ्या. रक्तदाब आहे. रोज एक गोळी, आयुष्यभर. ही अगदी स्वस्त औषधांपैकी एक आहे. आरोग्य केंद्रात ती एका महिन्यात मिळते, दुसऱ्या महिन्यात ‘साठा नाही’ म्हणून बाहेरून आणायची चिठ्ठी मिळते. मेडिकलमध्ये पंधरा गोळ्यांची पट्टी घेतली की त्या दिवशीचं तेल-मिठाचं गणित हलतं. मग ती गोळी एक दिवसाआड घेते. मग डोकं दुखलं तरच घेते. मग एके दिवशी शेतातच तोंड वाकडं होतं, हात लुळा पडतो. या सगळ्या काळात कार्ड ट्रंकेत ठेवलेलं आहे आणि त्याचा काडीचाही उपयोग झालेला नाही, कारण ही योजना मुळात दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे. बाह्यरुग्ण विभागातली रोजची गोळी तिच्यात बसत नाही. आता पक्षाघात झाल्यावर कार्ड चालेल, तेही योजनेतलं रुग्णालय वेळेत गाठता आलं तर. आणि ती रुग्णालयं आहेत मोठ्या शहरांत. धडगावपासून किंवा भामरागडपासून ती किती तासांवर आहेत, हे तिथल्या माणसाला सांगावं लागत नाही.

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत दोन्ही बाजू आकड्यांची बोली लावत होत्या. महिलांना दरमहा १५०० चे २१०० करू, असं सत्ताधारी म्हणाले. आम्ही ३००० देऊ, असं विरोधक म्हणाले. आरोग्याच्या बाबतीत विरोधकांनी राजस्थानचाच २५ लाखांचा विमा इथे आणला. मोफत औषधांचं आश्वासन त्याच वाक्यात होतं, पण फलकांवर मोठ्या अक्षरात दिसला तो लाखांचा आकडा. महिलांच्या हातात पैसे येण्याला माझा विरोध नाही. बाईच्या नावावर येणारे दीड हजार हा घरातला मोठा आधार आहे. मी एवढंच विचारतो की त्या दीड हजारांतले किती मेडिकलच्या काउंटरवर जातात? सरकारच्या एका हाताने दिलेला पैसा सरकारच्याच दवाखान्यात औषध नाही म्हणून औषधदुकानात जात असेल, तर याचा हिशेब प्रचारसभेत कुणी तरी मागितला पाहिजे. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातल्या एकूण आरोग्यखर्चातला सुमारे ३९ टक्के लोकांनी उपचाराच्या वेळी स्वतःच्या खिशातून भरला. योजनांच्या इतक्या वर्षांनंतरचा हा आकडा आहे.

‘सरकारी दवाखान्यात जातं कोण?’ हा प्रश्न मला सुशिक्षित मंडळींकडून वारंवार ऐकू येतो. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशाच्या ग्रामीण भागात रुग्णालयात दाखल झालेल्यांपैकी सुमारे ४६ टक्के सरकारी रुग्णालयात होते. महाराष्ट्रात हे प्रमाण बरंच कमी आहे. पण त्यावरून लोकांना सरकारी नकोच, असं ठरवणं अन्यायाचं आहे. त्याच पाहणीत बाळंतपण सोडून एका वेळच्या दाखल होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च सरकारीत ४,४५२ रुपये आणि खासगीत ३१,८४५ रुपये निघाला. सातपट खर्च कुणी हौसेने करत नाही. सोनोग्राफीचं मशीन आहे पण चालवायला माणूस नाही, सिझरची वेळ आली की ‘जिल्ह्याला न्या’, रात्री डॉक्टर नाही. हे दोनदा अनुभवलं की माणूस तिसऱ्यांदा सावकाराकडे जातो आणि खासगीची पायरी चढतो. आणि साप चावला, कुत्रं चावलं, क्षयाच्या गोळ्या हव्यात, बाळाला लस टोचायची आहे, तेव्हा सगळे सरकारीकडेच वळतात. करोनाच्या पहिल्या लाटेत तर बंगल्यातली माणसंसुद्धा वळली.

तिसरं म्हणणं सगळ्यांत सभ्य दिसतं: आरोग्यात राजकारण आणू नका. ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३ दरम्यान नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावले. त्यांत बारा नवजात बाळं होती. त्याआधी ऑगस्टमध्ये कळव्याच्या महापालिका रुग्णालयात एका दिवसात अठरा मृत्यू झाले होते. नांदेडनंतर उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. नेते रुग्णालयात धावले आणि एका खासदाराने तिथल्या अधिष्ठात्यांना हातात झाडू देऊन शौचालय साफ करायला लावलं. त्याची चित्रफीत राज्यभर फिरली. हे राजकारण नव्हतं का? कॅमेऱ्यापुढे अधिकाऱ्याचा अपमान करणं चालतं. पण रुग्णालयातल्या जागा किती वर्षं भरल्या नाहीत, औषधखरेदी कुणाच्या टेबलावर अडली, असं मतदाराने मत देण्याआधी विचारलं की ते मात्र राजकारण ठरतं! पदं मंजूर करणं, ती भरणं, खरेदीला पैसे देणं हे निर्णय मंत्रिमंडळात आणि वित्त विभागात होतात. ते घेणाऱ्यांना आपण निवडणुकीतूनच निवडतो. मग त्यांना जाब विचारायला निवडणुकीहून योग्य वेळ कोणती?

महाराष्ट्राच्या आरोग्यव्यवस्थेवरचा कॅगचा अहवाल विधिमंडळात कधी मांडला गेला, हे आठवावं. मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला झालं आणि अहवाल डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात आला. डॉक्टरांची सुमारे पाव पदं आणि परिचारिकांची एक तृतीयांशाच्या आसपास पदं रिकामी असल्याचं त्यात नोंदवलं आहे. हीच माहिती महिनाभर आधी गावोगावच्या कोपरा सभांत पोहोचली असती, तर उमेदवारांना उत्तरं द्यावी लागली असती.

पैशांची अडचण सांगितली जाते. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांना २०२० पर्यंत अर्थसंकल्पाच्या ८ टक्क्यांहून जास्त रक्कम आरोग्यावर खर्च करायला सांगितलं होतं. देशातल्या श्रीमंत राज्यांत गणना होणारा महाराष्ट्र त्या टप्प्याच्या फार मागे राहिला. पैसा नाही हे कारण मला पटत नाही. लाडकी बहीण योजनेसाठी वर्षाला ४६ हजार कोटींचा अंदाज सरकारने निवडणुकीच्या तोंडावर मांडला तेव्हा पैसा कुठून येणार, या प्रश्नाने कुणाला अडवलं नाही. मतदाराला हवं आहे असं वाटलं की तरतूद होते. म्हणूनच दवाखाना हवा आहे हे मतदाराने मोठ्याने म्हणायला हवं.

तमिळनाडूत १९९४ मध्ये औषधखरेदीसाठी वेगळं महामंडळ उभं राहिलं. जिल्ह्याजिल्ह्यात गोदामं झाली, प्रत्येक रुग्णालयाला पासबुक मिळालं आणि साठा संपण्याआधी मागणी नोंदवण्याची शिस्त लागली. दोन कट्टर विरोधी पक्ष तिथे आलटून पालटून सत्तेवर आले, एकमेकांच्या कितीतरी योजना त्यांनी गुंडाळल्या, पण या महामंडळाला धक्का लावला नाही. महाराष्ट्राने २०१७ मध्ये खरेदी हाफकिन महामंडळाकडे दिली, निविदा रखडल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं चालल्या आणि २०२३ मध्ये स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा केला. जवळपास तीन दशकांचा हा फरक आहे. आपल्या प्रचारात हा विषय एकदाही केंद्रस्थानी आला नाही, याचीच ही किंमत.

प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेकडे असतात आणि शहरांतले दवाखाने महापालिकेकडे. मुंबईत केईएम, सायन, नायर ही महापालिकेचीच रुग्णालयं आहेत आणि त्याच महापालिकेचा कारभार मार्च २०२२ पासून वर्षानुवर्षं प्रशासकाच्या हाती राहिला. त्या काळात खाटा, औषधं, खासगीकरण यांवर जाब विचारायला नगरसेवकच नव्हता. तेव्हा विधानसभेइतकंच लक्ष स्थानिक निवडणुकांकडे द्यायला हवं. दारात आलेल्या उमेदवाराला मोठ्या धोरणाचं विचारू नये, त्यावर तो भाषण देतो. त्याला विचारावं: आपल्या केंद्रात दोन वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या जागा आहेत, त्यांतल्या किती भरल्या? लॅब टेक्निशियन कधीपासून नाही? गेल्या तीन महिन्यांत कुठली औषधं बाहेरून आणायला सांगितली? रात्री बाळंतपण होतं की १०८ च्या रुग्णवाहिकेत घालून पुढे पाठवतात? जन आरोग्य अभियानासारखं जाळं राज्यात कितीतरी वर्षं अशी माहिती गोळा करत आलं आहे. गावातल्या आशाताईला तर ही उत्तरं तोंडपाठ असतात.

आणि ज्यांना अजूनही वाटतं की निवडणुकीच्या तोंडावर आरोग्याचं काही मागून मिळत नाही, त्यांनी या आशाताईंकडेच पाहावं. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांनी राज्यभर संप केला. मानधनवाढीचं आश्वासन मिळालं म्हणून मागे घेतला. शासन निर्णय निघेना, तेव्हा जानेवारीत पुन्हा संपावर गेल्या आणि फेब्रुवारीत आझाद मैदानावर येऊन बसल्या. लेकरं घरी ठेवून, रात्री मैदानातच झोपून. ‘आचारसंहिता लागायच्या आत जीआर काढा’ हीच त्यांची मागणी होती, कारण एकदा ती लागली की पुढचं सगळं लांबणार, हे या बायकांना पक्कं ठाऊक होतं. लोकसभेची आचारसंहिता १६ मार्च २०२४ ला लागली. तिच्या आदल्या काही दिवसांत सरकारने त्यांच्या मानधनात दरमहा पाच हजारांची वाढ मंजूर केली.